२ टीबीच्या डिस्कवर १.८१ का दिसतं, आणि सी ड्राइव्हची जागा जाते कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरला फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ चालवणाऱ्या एका भावाने लग्नसराईच्या तोंडावर २ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क घेतली. कॉम्प्युटरला लावली तर १.८१ टीबीच दिसते. एडिटिंगच्या कॉम्प्युटरमध्ये ५१२ जीबीची एसएसडी (आत बसवलेली वेगवान डिस्क, सी ड्राइव्ह तिच्यावरच) आणि ३२ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) आहे. तिथे ४७५-४७६ जीबी दिसतात, आणि त्यातले फक्त २२ जीबी मोकळे आहेत, पट्टी लाल झाली आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, व्हिडिओ, प्रोग्रॅम आणि विंडोजचा फोल्डर असं सगळं मोजलं तरी बेरीज ३१० जीबीच भरते. दुकानदाराने फसवलं का, आणि हार्ड डिस्कमध्ये नेमकी किती जागा आहे हे खात्रीने कसं बघायचं, असं त्याने विचारलंय.

भाऊ, दुकानदाराने फसवलेलं नाही. २ टीबीच्या डिस्कवर विंडोजमध्ये १.८१ आणि ५१२ जीबीच्या एसएसडीवर ४७६ दिसतात ते अगदी बरोबर आहे. तुमचा दुसरा प्रश्न मात्र मोठा आहे, कारण त्याचं उत्तर एका आकड्यात मावत नाही. आमच्या दुकानात गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं आणि विचारतं, "कितली जागा शे?" (किती जागा आहे?) त्या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात: डिस्क केवढी आहे, ती वाटली कशी आहे, आणि ती कशाने भरली आहे. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. एकीचं उत्तर दुसरीला लावलं की माणूस नको तो खर्च करतो, नाहीतर नको ते डिलीट करून बसतो. पैसा पुन्हा कमावता येतो, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी १.८१ चा हिशोब. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात, १ वर १२ शून्यं. विंडोज हजाराने भागत नाही, १,०२४ ने भागतं. १,०२४ बाइटचा एक केबी, तेवढ्या केबींचा एक एमबी, मग जीबी, मग टीबी. बाइटपासून टीबीपर्यंत यायला चार वेळा १,०२४ ने भागावं लागतं आणि दर पायरीला फरक वाढत जातो. जीबीला पोहोचेपर्यंत आकडा साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो, टीबीला ९ टक्क्यांनी. २ लाख कोटी बाइट असे भागले की १.८१९ येतात. विंडोज शेवटचा अंक कापून १.८१ दाखवतं. डिस्कवरचा एकही बाइट कुठे गेलेला नसतो.

हा घोळ जुना आहे. तो मिटवायला १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १,०२४ च्या मापाला गिबीबाइट, टेबीबाइट अशी वेगळी नावं दिली. विंडोजने ती घेतली नाहीत. ते १,०२४ ने मोजतं आणि पुढे जीबी, टीबीच लिहितं. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डपासून हजाराने मोजायला सुरुवात केली. म्हणून हीच डिस्क एखाद्या मित्राच्या मॅकला लावली तर पूर्ण २ टीबी दिसेल.

काही आकडे पाठ करून ठेवा, खरेदीच्या वेळी कामाला येतात. २४० जीबीचे २२३ दिसतात, २५६ चे २३८, ५०० चे ४६५, ५१२ चे ४७६, १ टीबीचे ९३१ जीबी, ४ टीबीचे ३.६३ टीबी. पाठ होत नसतील तर जीबीला ०.९३ ने आणि टीबीला ०.९१ ने गुणा. उत्तर जवळपास जुळलं तर निश्चिंत राहा. लांब गेलं तर पुढचं वाचा.

गुणाकारावरही भरवसा नको असेल तर थेट बाइट बघता येतात. विंडोजचं बटण दाबून ई दाबा, डावीकडे धिस पीसी निवडा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे यूज्ड स्पेस, फ्री स्पेस आणि कपॅसिटी अशा तीन ओळी असतात. प्रत्येक ओळीत आधी लांबलचक बाइटचा आकडा आणि उजवीकडे जीबी किंवा टीबी. बहुतेक जण उजवीकडचं वाचतात, पण पक्की गोष्ट डावीकडे आहे. तुमच्या नव्या डिस्कच्या कपॅसिटीसमोर २ ने सुरू होणारा १३ अंकी आकडा दिसला, तर खोक्यावर लिहिलेली जागा पूर्ण मिळाली असं समजा. कॉम्प्युटरची रीजन भारत असेल तर स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, दोन-दोन अंकांवर पडतात. त्याने गोंधळू नका, सरळ अंक मोजा.

आता दुसरा प्रश्न, वाटणीचा. धिस पीसीमध्ये जे सी, डी, ई दिसतं ते डिस्कचे भाग आहेत, डिस्क नव्हे. अख्खी डिस्क बघायची तर विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा आणि यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी म्हणजे हातात धरता येईल अशी एक खरी डिस्क. तिच्या डाव्या टोकाला एकूण आकार लिहिलेला असतो, उजवीकडे तिचे तुकडे. निळी कड असलेला तुकडा वापरात आहे. काळी कड आणि अनॲलोकेटेड असं लिहिलेला तुकडा कुणाच्याच नावावर नाही, आणि धिस पीसीत तो दिसतच नाही. सातबाऱ्यावर जसं एकूण क्षेत्र वेगळं, लागवडीखालचं वेगळं आणि पोटखराबा वेगळा मांडलेला असतो, तसंच इथेही आहे. सुरुवातीचा शंभर-दोनशे एमबीचा ईएफआयचा (विंडोज सुरू करून देणारा) तुकडा आणि रिकव्हरीचा काहीशे एमबीचा तुकडा हा इथला पोटखराबा. तो काढून जागा वाढवायच्या फंदात पडू नका. पहिला काढला तर विंडोज सुरूच होणार नाही.

वाटणी न बघितल्याने काय होतं याचं एक उदाहरण सांगतो. धरणगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आला होता. हिशोबनीस म्हणत होता, मशीन भरलं, अपडेट होत नाही, मालकाने नवं घ्यायला सांगितलंय. कापसाचा सीझन तोंडावर होता, घाई समजण्यासारखी होती. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर पट्टी १ टीबीची. आधी कुणीतरी तिचे तुकडे करताना सी ला जेमतेम १०० जीबी दिले होते आणि उरलेलं सगळं डी ला. डी जवळजवळ कोरा होता, कारण ऑफिसातल्या कुणाला तिथे काही ठेवायची सवयच नव्हती. सगळं डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप म्हणजे सी. डेस्कटॉप आणि डाउनलोड्सचं लोकेशन डी वर नेलं, मशीन मोकळं झालं. नव्या कॉम्प्युटरची गरज पडली नाही. हे काम कुणालाही करता येतं: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन हा टॅब, मूव्ह. विंडोज जुन्या फाइलीही सोबत हलवायच्या का असं विचारतं, तिथे हो म्हणा.

तुमच्या एसएसडीवर ५१२ ची पट्टी आणि सी ४७५-४७६ चा आहे, म्हणजे वाटणीत काही अडलेलं नाही. तरी एकदा उघडून बघा. आणखी एक गोष्ट: पुढे कधी ४ किंवा ८ टीबीची डिस्क घेतलीत आणि पट्टीत २ टीबीच्या आसपास निळं आणि पुढे सगळं काळं दिसलं, तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने मांडली आहे. ती पद्धत साधारण २.२ लाख कोटी बाइटच्या पुढे मोजूच शकत नाही. डिस्क कोरी असतानाच ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून घ्या.

याच खिडकीबद्दल एक कळकळीची सूचना. डिस्क लावल्यावर कधी कधी विंडोज 'फॉरमॅट करायची का' किंवा 'इनिशियलाइज करा' असं विचारतं. डिस्क नवी कोरी असेल तर ठीक. तिच्यात डेटा असेल, तर कॅन्सल दाबा आणि डिस्क काढून ठेवा. केबल सैल असली, पोर्टातून वीज पुरेशी मिळत नसली, मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली डिस्क असली, तरी हाच प्रश्न येतो. अशा वेळी डेटा बहुतेकदा जागेवरच असतो. घाईत ओके दाबलं की साधं काम रिकव्हरीचं काम होऊन बसतं.

आता वर दाखवलेल्या सगळ्या आकड्यांबद्दल एक मोलाची गोष्ट. विंडोज डिस्कला विचारतं, "तू केवढी?", आणि डिस्क जे सांगेल तेच छापतं. नामवंत कंपनीच्या, बिलासकट घेतलेल्या डिस्कवर हे चालून जातं. पण ऑनलाइन दीड-दोन हजारांत १६ टीबीची एक्सटर्नल एसएसडी किंवा काहीशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह दिसतो, त्याच्या आत अनेकदा ३२ किंवा ६४ जीबीचीच चिप असते, आणि आतला प्रोग्रॅम १६ टीबी सांगायला शिकवलेला असतो. धिस पीसी, प्रॉपर्टीज, डिस्क मॅनेजमेंट, तिन्हीकडे १६ टीबीच्या हिशोबाचाच आकडा दिसेल. फाइलीही कॉपी झाल्यासारख्या दिसतात, नावं आणि साइजसकट. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा हवेत जातो किंवा आधीच्यावर लिहिला जातो, आणि ते कळतं व्हिडिओ उघडताना.

याला तपासणी एकच: डिस्क पूर्ण भरून लिहायची आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर हेच करतं, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री. डिस्क कोरी असतानाच, पहिला डेटा टाकायच्या आधी हे करा. तुमच्या २ टीबीच्या डिस्कला सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तेवढेच लागतील. रात्री लावून झोपा, पण कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या आणि त्याला झोपू न देण्याची सेटिंग करा. आपल्याकडे लाइटचा भरवसा किती, हे तुम्हाला सांगायला नको.

त्यासोबत क्रिस्टलडिस्कइन्फो हेही फुकट सॉफ्टवेअर टाकून घ्या. त्यात डिस्कचं मॉडेल, तिची खरी कपॅसिटी, ती आजवर किती तास चालली आणि किती वेळा चालू झाली, हे दिसतं. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, त्याच दिवशी परत करा. हार्ड डिस्कसाठी खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ हे तीन क्रमांक बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले, आणि सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. तिन्हींच्या उजवीकडच्या रकान्यात सगळी शून्यं हवीत. तिथे आकडा दिसला आणि तो वाढत चालला, तर जागा कितीही मोकळी असो, त्या डिस्कवरचा डेटा आधी दुसरीकडे न्या.

आता तुमचं खरं दुखणं, सी ड्राइव्ह. साधारण ४५० जीबी भरलेले आणि मोजून ३१० भरतात, म्हणजे १४० जीबींचा पत्ता नाही. हे व्हायरसचं काम नाही. तुम्ही जे मोजलं ते तुम्हाला दिसणारं. विंडोज बरंच काही लपवून ठेवतं.

३२ जीबी रॅम आहे म्हणून पहिला संशय हायबरनेशनच्या फाइलवर. कॉम्प्युटर झोपवताना रॅममधलं सगळं उतरवून ठेवायला विंडोज सी च्या मुळाशी एक लपलेली फाइल राखून ठेवतं, आणि ती साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. तुमच्याकडे तिचे जवळपास १३ जीबी झाले. तिच्याच शेजारी पेजफाइल असते. रॅम अपुरी पडली की तिच्यावर भार येतो. ४के एडिटिंग करणाऱ्याच्या मशीनवर ती चांगलीच फुगते. ती बंद करू नका, एडिटिंग करताना मशीन अडकेल. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर हायबरनेशनची फाइल मात्र माहीतगाराकडून बंद करून घ्यायला हरकत नाही.

मोठा वाटा बहुधा वेगळीकडे आहे. ॲडोबी कंपनीच्या प्रीमियरसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपसाठी स्वतःच्या सोयीच्या जास्तीच्या फाइली बनवून ठेवतं, त्याला मीडिया कॅशे म्हणतात. ती जाते सी मधल्या युजर्स फोल्डरात, तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या ॲपडेटामध्ये. ॲपडेटा लपलेला असतो, म्हणून तुमच्या बेरजेत आला नाही. तुम्ही लग्नाचं प्रोजेक्ट डिलीट केलंत, क्लायंटला पेनड्राइव्ह दिला, विषय संपला, तरी त्या लग्नाची कॅशे तिथेच पडून राहते. एका सीझनचीच कॅशे पन्नास-शंभर जीबी होऊ शकते. प्रीमियरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे इथे जा. तिथे न वापरलेली कॅशे काढायचं बटण आहे, जुनी आपोआप काढायची सोय आहे, आणि कॅशेची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचीही सोय आहे. कॅशे गेली तरी शूटिंगला धक्का लागत नाही. प्रोजेक्ट पुन्हा उघडाल तेव्हा ती नव्याने बनते, थोडा वेळ जातो इतकंच.

मग रीसायकल बिन. प्रत्येक ड्राइव्हचं बिन वेगळं असतं, आणि ते रिकामं करेपर्यंत जागा परत मिळत नाही. ३०० जीबी डिलीट केलं तरी फ्री स्पेस तितकीच का, असं विचारणारे रोज भेटतात. त्याशिवाय सिस्टिम रिस्टोअरचे पॉइंट (बिघाड झाला तर मागे जायला ठेवलेल्या नोंदी) असतात. ते तुम्हाला उघडताही येणार नाहीत अशा फोल्डरात ठेवलेले असतात. विंडोजचं मोठं अपग्रेड झालं असेल तर विंडोज ओल्ड नावाचा फोल्डरही सापडेल. तो जुन्या आवृत्तीवर परतायची सोय म्हणून ठेवलेला असतो आणि साधारण १० दिवसांनी विंडोज तो आपोआप काढतं.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा थेट बघा. विझट्री नावाचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) ड्राइव्हची फाइलींची मूळ यादीच वाचतं. त्यामुळे लपलेलंही सगळं, काही सेकंदांत, मोठ्यापासून लहानापर्यंत रचून समोर येतं. तेवढं टाकायचं नसेल तर विंडोजमध्येच सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे जागेची वर्गवारी आहे. तिथल्या टेम्पररी फाइल्समधून विंडोज अपडेटचा कचरा, थंबनेल्स, रीसायकल बिन बिनधास्त काढा. त्याच यादीत एक चौकोन डाउनलोड्सचा असतो. तो आधीपासून टिक केलेला नसतो, पण 'सगळंच टेम्पररी आहे' म्हणून सगळ्यांवर टिक मारत सुटणारे असतात. व्हॉट्सॲप वेबवरून क्लायंटने पाठवलेले फोटो, पत्रिकेचं डिझाइन, बँकेची स्टेटमेंट, सगळं त्याच फोल्डरात असतं. आणि विंडोजच्या फोल्डरातलं विनएसएक्सएस मोठं दिसलं तरी हाताने डिलीट करायचं नाही. त्यातलं बरंचसं इतर ठिकाणी वापरलेल्याच फाइलींचं प्रतिबिंब असतं, दिसतं तेवढी जागा ते खात नाही.

पट्टी लाल होते ती १० टक्क्यांपेक्षा कमी मोकळं उरलं की. तुमचे २२ जीबी म्हणजे ५ टक्केही नाहीत. एसएसडी गळ्यापर्यंत भरली की लिहायचा वेग पडतो, कारण आत डेटा इकडून तिकडे हलवायला तिला मोकळी जागा लागते. एडिटिंगच्या मशीनवर ८० ते १०० जीबी सी वर कायम मोकळे ठेवा.

तुमचं काम व्हिडिओचं, म्हणून पुढचा हिशोब खास तुमच्यासाठी. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचं ४के रेकॉर्डिंग म्हणजे, ८ बिटांचा एक बाइट धरून, सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी ४ तास खरं रेकॉर्डिंग, की ३६० जीबी झाले. हळद ते पाठवणी दोन हजार रॉ फोटो, एकेक २५ ते ३० एमबीचा, म्हणजे आणखी ५० ते ६०. एक लग्न धरा ४२० जीबी. हे सगळे जीबी हजाराच्या मापातले आहेत, म्हणून ते १.८१ ने भागू नका, खोक्यावरच्या २,००० ने मोजा. तुमच्या नव्या डिस्कवर चार लग्नं बसतील, पाचवं बसणार नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास एका आठवड्यात तुमच्याकडे किती तारखा आहेत ते तुम्हालाच माहीत. आणि प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर हव्यात. एकाच डिस्कच्या दोन फोल्डरात ठेवलेली प्रत ही दुसरी प्रत नव्हे, डिस्क पडली की दोन्ही गेल्या.

कार्डवरून डिस्कवर कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरचे प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडा. फाइलींची संख्या आणि साइजसमोरचे बाइट अंकाला अंक जुळले पाहिजेत. त्याखालची साइज ऑन डिस्क ही ओळ जुळली नाही तरी घाबरू नका. प्रत्येक ड्राइव्ह जागा ठरावीक तुकड्यांनी देतो. एनटीएफएसवर तुकडा साधारण ४ केबीचा, विंडोजवर फॉरमॅट केलेल्या मोठ्या एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणारी मांडणी) डिस्कवर १२८ केबीचा. २ केबीचा थंबनेल तिथे १२८ केबी अडवतो. अशा लाखभर छोट्या फाइली असल्या तर १२ जीबी नुसते त्यांनीच खाल्ले. मोठ्या व्हिडिओ फाइलींना याने काही फरक पडत नाही. हे आकडे जुळल्यावर, दोन-चार क्लिप मध्येच उघडून बघितल्यावर आणि दुसरी प्रतही झाल्यावरच कार्ड फॉरमॅट करा.

उन्हाळ्याचंही सांगायला हवं, कारण आपली लग्नसराई आणि आपला उन्हाळा एकाच वेळी येतात. काही एक्सटर्नल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतं, पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो तापमानही दाखवतं. दुपारी सलग ४०० जीबी कॉपी लावताना ते ५० च्या पुढे चाललं तर थांबा. मोठी कॉपी पहाटे किंवा रात्री लावा, डिस्क टेबलावर उघडी ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात, कपड्याच्या पाउचमधून बाहेर काढून. आणि भर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवायचीच नाही.

मॅक वापरत असाल तर ॲपल मेनू, सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, स्टोरेज इथे सगळं दिसतं. लिनक्सवर डीएफ ही कमांड. तिथे एक्स्ट४ ड्राइव्हवर ५ टक्के जागा सहसा सिस्टिमसाठी राखीव असते, म्हणून भरलेलं आणि मोकळं यांची बेरीज एकूण जागेइतकी येत नाही.

आता तुमच्या पुढचं काम, याच क्रमाने करा. नव्या डिस्कवर काही टाकायच्या आधी प्रॉपर्टीजमध्ये १३ अंक मोजा आणि रात्री एचटूटेस्टडब्ल्यू लावा. प्रॉपर्टीजच्या त्याच खिडकीत फाइल सिस्टिमही (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) लिहिलेली असते. ती एफएटी३२ निघाली तर ४ जीबीपेक्षा मोठी क्लिप, डिस्क पूर्ण रिकामी असली तरी, जाणारच नाही, आणि तुमची ४के ची क्लिप पाच-सहा मिनिटांतच ४ जीबी ओलांडते. डिस्क फक्त विंडोजवर फिरणार असेल तर एनटीएफएस करून घ्या. अल्बमवाल्याकडे किंवा एडिटरकडे मॅक असेल तर एक्सफॅट. मग सी ड्राइव्हवर विझट्री चालवा आणि वरची दहा नावं टिपून घ्या. त्यातलं ॲपडेटाखालचं जे ॲडोबीचं असेल ते प्रीमियरमधून काढा, बाकीच्या नावांचा फोटो मला पाठवा. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, ते मी सांगतो.